शकूचा नैवेद्य

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी द्वारकेच्या चौकात रिक्षात अडकले होते. कोंडी अशी, की शेजारच्या रिक्षातल्या बाईने मेथीची जुडी निवडून संपवली, पर्समधून दुसरी काढली, तरी चाक हललं नाही. माझ्या मांडीवर पेजेचा डबा. फोनवर शकूची सून, रूपाली. "काकू, सावकाश या आता," एवढंच म्हणाली. मी डब्याचं झाकण उगाचच पुन्हा घट्ट केलं... त्याला आता दीडेक महिना झाला. एरवी माझ्या हातात कुठलीही गोष्ट दिली की तिला शिंगं आणि शेपूट लावूनच मी ती परत करते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. या गोष्टीला काही लावायचं त्राण मात्र उरलेलं नाही.

शकू येवल्याची. माहेरी घरात पैठणीचा माग. लग्न होऊन आली ती अंबडच्या कंपनीतल्या नवऱ्याच्या दोन खोल्यांत, आमच्या भिंतीला भिंत लावून. सासू भलतीच कडक. महिन्याचे चार दिवस शकूला घरात कशाला हात लावायची सोय नव्हती. दोन खोल्यांच्या घरात बाहेर बसायचं तरी कुठे? तर मोरीमागच्या बोळात, पोत्यावर. पाऊस असो की थंडी. त्या बोळात बसून तिने एवढं भरतकाम केलं, की अंथरलं असतं तर इथून येवल्यापर्यंत एस.टी. त्याच्यावरूनच गेली असती. मी खिडकीतून गप्पा हाणायची आणि ती खालून म्हणायची, "वत्सू, निम्मं वजा करून सांग." सासू गेली, पण बोळाची सवय घराला राहिली. म्हणून पन्नाशीत तिची पाळी गेली तेव्हा तिने पेढे वाटले. खरंच वाटले, हे मी वाढवून सांगत नाही. "सुटले गं बाई," म्हणाली.

आमच्या गल्लीत देवीचं लहानसं देऊळ आहे. नवरात्रात नऊ दिवस गल्लीचा नैवेद्य तिथे एकाच बाईच्या हातचा असतो, आणि मध्येच अडचण नको म्हणून ती पाळी गेलेली लागते. तो मान शकूकडे आला. ज्या बाईला चार दिवस माठाला शिवू देत नव्हते, तिच्या हातच्या पुरणासाठी कंपनीतले साहेब ताट घेऊन उभे राहायला लागले. पुरणाचा वास असा, की कंपनीचा भोंगा आपोआप वेळेआधी वाजायचा, असं मी सांगत आले आहे. शकू ते ऐकून हसायची, पण ते निम्मं वजा करायला मात्र कधी सांगितलं नाही तिने.

त्याच सुमारास सरकारी दवाखान्याची आशाताई दारोदार सांगत आली होती, की तिशीच्या पुढच्या बायकांनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या, पाळी गेलेल्यांनीही. मी गेले होते. फोडणी तडतडायला लागतो तेवढा वेळ, आणि थोडी लाज, बाकी काही नाही. शकूने रूपालीला ढकलून पाठवलं. स्वतः म्हणाली, "मला कशाला? माझं दुकान बंद झालं." आम्ही सगळ्या खो खो हसलो.

पुढे काय झालं ते मला फार उशिरा कळलं. या वर्षी पाडव्यानंतर तिला कंबर सरळ करता येईना. एका दुपारी माझ्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "वत्सू, परत सुरू झालंय."

"कधीपासून?"

"गेल्याच्या गेल्या नवरात्राआधी. पहिलं थोडं थोडं. आता लय जातं."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर परत बोळात बसवलं असतं."

दोन नवरात्रं तिने तसाच नैवेद्य रांधला होता. कापडाच्या घट्ट घड्या घालून, पदर खोचून, कुणाला वास येऊ नये म्हणून देवळात जास्तीचा धूप लावून.

घरी दवाखान्याचं नाव काढायचं नाही, असं ती म्हणाली. थाप मारायचं काम माझं होतं. तिच्या नवऱ्याला, अण्णांना, मी सांगितलं, की येवल्याला तिच्या चुलतभावाने माग मोडायला काढला आहे, पैठण्या टॉवेलच्या भावात चालल्या आहेत, आज नाही गेलो तर संपलं. अण्णा म्हणाले, "मग दोन आणा." आम्ही गेलो ते थेट रुग्णालयात.

डॉक्टर तरुण होती. तपासून झाल्यावर, तुकडा तपासायला पाठवून झाल्यावर, आठवड्याने तिने आम्हाला समोर बसवलं. शकूने एकच विचारलं, "देवीचा कोप म्हणायचा का हा? मी तशीच शिवत होते."

"मावशी, हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो," डॉक्टर म्हणाली. "तो विषाणू संबंधातून येतो, बहुतेक बायकांना कधी ना कधी येऊन जातो. त्यात कुणाचं पाप नाही. शरीर त्याला घालवून देतं. एखादीच्या अंगात तो मुक्काम करतो आणि वर्षानुवर्षं तिथल्या पेशी बिघडवत राहतो. त्या काळात तपासणीत सापडला असता तर तेवढाच भाग काढून मोकळं करता आलं असतं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ती पाळी नसते. त्याच दिवशी यायचं."

शकूने पुढे विचारलं ते नातीबद्दल. सहावीतल्या नातीला लस देता येते, याच वयात ती सगळ्यात उपयोगी, मोठेपणी तपासणी तरीही करायची, हे तिला कळलं. घरी आता सांगावंच लागलं, आणि स्वतःची किरणं चालू असताना तिने रूपालीला नातीसह लस टोचून घ्यायला पिटाळलं.

कोपाची शंका मात्र तिच्या मनातून हलेना. म्हणून मी देवीला स्वप्नात आणली. म्हटलं, काल पैठणी नेसून आली होती, म्हणाली शकूच्या पुरणात मला कधी काही खटकलं नाही. शकू डोळे मिटून ऐकत होती. "पैठणी हातमागाची होती का मशीनची?" मी घाईघाईने तिची उशी सारखी करायला लागले... तेव्हा ती शेवटची मोकळी हसली. मग म्हणाली, "मी गेले की सगळ्यांना सांग. समोरच्या मंगललासुद्धा. पण आहे तेवढंच सांग."

नवरात्र तोंडावर आल्यावर परवा देवळात बायका जमल्या. नैवेद्य कुणाकडे द्यायचा, हा प्रश्न. मंगल आमच्या समोरची, सोवळ्याओवळ्यात गल्लीला धाकात ठेवणारी. पाळी जाऊन तिलाही वर्षं झाली. तिचं नाव जवळजवळ ठरलंच होतं. मी उभी राहिले आणि शकूचं सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. इतकं साधं बोलताना मला धाप लागली.

"म्हणजे दोन वर्षं आपण विटाळाचं खाल्लं," मंगल म्हणाली.

"खाल्लं. आणि तू दोनदा वाढून घेतलंस."

रूपाली कोपऱ्यातून म्हणाली, "आई गेल्या, मंगलकाकू. देवी आहे तिथेच आहे." मंगल उठली, चपला शोधायला लागली. पायाजवळच होत्या, तरी तिला सापडत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. हातात पिशवी, नजर उंबऱ्यावर. "वत्सलाताई, त्या डॉक्टरीण बाईंकडे कसं जायचं?" पदर सारखा केला आणि निघाले. पुन्हा तीच रिक्षा, तोच चौक, तीच बाकं, तोच फिनेलचा वास. माझे पाय आता तिथल्या फरशा ओळखतात. आत गेलो. डॉक्टरने मंगलला वय विचारलं, पाळी कधी गेली ते विचारलं, आणि मग विचारलं, "रक्त कधीपासून दिसतंय?"

मंगलने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. ते नीट लागलेलं होतं.

"गेल्या दिवाळीपासून," ती म्हणाली.