तारेची चाकं, उलटे आटे

मामांची गाडी दोन आसनी होती. ब्रिटिश बनावटीची, गडद हिरवी, कापडी टपाची. हैदराबादच्या एका निवृत्त अधिकाऱ्यानं ती विकायला काढली तेव्हा पोलीस ॲक्शनला पंचवीस वर्षं होत आली होती. औरंगाबादेत तशी दुसरी गाडी माझ्या पाहण्यात नव्हती. मामा दिवाणी वकील. कोर्टात ते आवाज चढवत नसत, पण या गाडीबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते रोज कुणाला तरी ऐकावं लागे. मत असं, की हिला पत्र्याची चाकं शोभत नाहीत. हिला सायकलसारखी तारेची चाकं हवीत.

"मला चाकं दिसतच नाहीत," मामी म्हणायच्या. "मी आत बसते."

शेवटी मुंबईच्या जुन्या बाजारात मामांना तारेची पाच चाकं मिळाली. सोबत चार हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते मधले लोखंडी भाग, होते. हे हब गाडीच्या मूळ हबवर बोल्टांनी बसतात, त्यांच्या अंगाला दाते असतात आणि त्या दात्यांवर चाक सरकवायचं असतं. बाहेरून एकच मोठा नट. नटाला दोन कान असतात. त्या कानांवर तांब्याचा हातोडा मारून तो आवळायचा आणि तसाच मारून सोडवायचा. हे नट गंजले होते म्हणून मामांनी ते चकाकी चढवायला दिले. नटांवर बाण आणि काही इंग्रजी अक्षरं होती. प्लेटिंगवाल्यानं आधी घासून सगळं गुळगुळीत केलं. नट आरशासारखे झाले. मामा खूश झाले. अक्षरं काय होती ते कुणीच वाचलं नव्हतं.

दोन गॅरेजवाल्यांनी हे काम घ्यायला नकार दिला. तेव्हा मामा आज ज्याला क्रांती चौक म्हणतात त्याच्या बाजूच्या एका गल्लीत गेले. तिथं समोरासमोर दोन दुकानं होती. एक सायकल मिस्त्रीचं. हा मूळचा कन्नड तालुक्यातला, घरची शेती भावांवर सोडून आलेला. दुसरं टांग्याच्या मिस्त्रीचं. त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणायची. चाचा सायकलवाल्याला पाटील म्हणत, आणि त्यात आदर अगदी थोडा असे. दोघांचं कशावरही एकमत नव्हतं. चहात साखर किती असावी इथपासून वाद सुरू होई.

चाचांच्या दृष्टीनं हे काम साधं नव्हतं. ऑटोरिक्षा आल्यापासून टांगे कमी होत चालले होते. महिन्यात एखादं चाक दुरुस्तीला येई. मुलगा नाशिकला कारखान्यात होता आणि दुकान बंद करून आपल्याकडं या म्हणून मागं लागला होता. चाचांनी त्याला कळवलं होतं, वकीलसाहेबांची मोटार होऊ दे. तिची चाकं चालली तर मोटारीचं काम आपल्याला जमतं असं धरू आणि इथंच राहू. नाही चालली तर दुकानाला कुलूप. हे त्यांनी गल्लीतही सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

मी तेव्हा एका दैनिकात बातमीदार होतो. दुपारची ड्यूटी असल्यानं सकाळी गल्लीत जाऊन बसत असे.

तारांचं काम सायकलवाल्याकडं आलं. तुटलेल्या तारा त्यानं बदलल्या. मग एकेक चाक टांगून फिरवलं, कडेला खडू धरला आणि खडू जिथं घासला तिथली तार पान्यानं कमी-जास्त केली. प्रत्येक तारेवर पाना वाजवून तो आवाज ऐकायचा.

"पाटील, चाक बना रहा कि सतार?" समोरून चाचा विचारत.

"तुमच्या टांग्यापरीस बरं वाजतंय. तुमचा टांगा गेला की आख्ख्या गल्लीला कळतंय."

हब बसवायचं काम चाचांचं. तिथं एक प्रश्न निघाला. चारपैकी दोन हबांना सुलटे आटे होते आणि दोन हबांना उलटे, म्हणजे नट डावीकडं फिरवला की आवळणारे. कुठले हब कुठल्या बाजूला? मामांकडं पुस्तक नव्हतं. नटांवरची खूण घासली गेली होती.

चाचांनी क्षणभरही विचार केला नाही. "टांगे में बाएँ बाजू उलटे आटे. चाक आगे चलता, नट कू भी आगे खींचता. चलते चलते कसता जाता. पचास बरस से येच कर रहा हूँ."

मामांनी सायकलवाल्याकडं पाहिलं. तो नकार देईल असंच सगळ्यांना वाटलं.

"चाचा बरोबर हायेत," तो म्हणाला. "सायकलच्या डाव्या पायडलला बी उलटेच आटे असत्यात."

मामा समाधानानं हसले. "दोन साक्षीदार, एकमेकांचे विरोधक, आणि जबानी एकच. याहून चांगला पुरावा मी आजवर कोर्टात पाहिला नाही."

माझंही समाधान झालं होतं. दोन स्वतंत्र माणसांनी दुजोरा दिला की बातमी पक्की, असं आम्हाला शिकवलेलं होतं.

गाडीची पहिली फेरी लासूर स्टेशनपर्यंत ठरली, कारण तिथं मामींचं माहेर. रविवारी सकाळी मामा-मामी गाडीत बसले. मागं मामांच्या एका पक्षकाराची जीप होती आणि तिच्यात चाचा, सायकलवाला आणि मी. उन्हात तारा चमकत होत्या. वाटेतली माणसं वळून पाहत होती. चाचा दाढीवरून हात फिरवत एकटक त्या चाकांकडं बघत होते.

शहर मागं पडून काही मैल झाले तेव्हा गाडी कडेला थांबली. मामी उतरल्या.

"केव्हापासून सांगतेय, काहीतरी कटकट वाजतंय. तर हे म्हणतात, ब्रिटिश गाडी आहे, वाजणारच."

पुढच्या डाव्या चाकाचा नट हातानं फिरत होता. चाचांनी हातोड्यानं तो पुन्हा आवळला. गाडी दोनेक मैल गेली आणि परत कटकट सुरू झाली. या वेळी चाचांनी चारही चाकं पाहिली. चारही नट ढिले झाले होते.

"ठोकायला कमी पडले, चाचा," सायकलवाला म्हणाला. एरवी या वाक्यावर तासभर भांडण झालं असतं. आज चाचांनी हातोडा खाली ठेवला. कडुनिंबाखाली बसले आणि म्हणाले, "लड़के कू लिख देता. कल से दुकान बंद."

सायकलवाल्यानं तो हातोडा उचलून गाडीच्या कडेला ठेवला.

मामींनी चहाचा थर्मास काढला आणि चाचांसमोर उभ्या राहून त्याचं झाकण फिरवू लागल्या. झाकण घट्ट बसलं होतं. मनगट वळलं, पण त्यावरची सैल पाटली जागची फारशी हलली नाही.

"बाईसाहेब," चाचा म्हणाले, "हाथ फिर से घुमाओ."

"झाकण निघत नाहीये."

"झाकन रहने दो. हाथ घुमाओ."

मामींनी हात फिरवला. चाचा उठून चाकाशी गेले आणि नट काढून आतून पाहू लागले. मग त्यांनी सायकलवाल्याला बोलावलं.

"पाटील, देख. टांगे का धुरा, तुम्हारा आस, खड़ा रहता. चाक फिरता, नट कू साथ ले जाता. ये मोटार में धुराच फिरता. और ये नट चाक की नली के ऊपर बैठता, पाटली के माफिक. हाथ आगे गया, पाटली पीछे रह गई. तो नट पीछे फिरके कसना मंगता. हमने उल्टा लगाया."

सायकलवाल्यानं मामींना पुन्हा हात फिरवायला सांगितला. मग तिसऱ्यांदा.

"व्हय," तो म्हणाला. "म्या बी चुकलो. माझं पायडल मधी आणायलाच नको व्हतं."

"साक्षीदार फितूर झाले," मामा म्हणाले.

"पुरावा तुम्हीच घासून घेतला होता," मामी म्हणाल्या. "चकाकीसाठी."

डावे हब उजवीकडं आणि उजवे डावीकडं करायला तीन तास लागले. माहेरी न्यायला केलेल्या मामींच्या पुरणपोळ्या तिथंच संपल्या. चाचांनी शेवटचा नट ठोकला आणि जीपमध्ये न बसता मामींना म्हणाले, "आप जीप में बैठो. मैं इसमें बैठता. आवाज आया तो मेरे कू पहले सुनना."

मामी जीपमध्ये आल्या. लासूर स्टेशन येईपर्यंत गाडी पाच वेळा थांबली. प्रत्येक वेळी चाचा उतरले, चारही नट दोन्ही हातांनी फिरवून पाहिले आणि परत बसले. एकही नट हलला नाही. मामींच्या माहेरच्यांनी अंगणात चाक काढून दाखवायला सांगितलं तेव्हा चालता चालता आवळलेला नट सोडवायला चाचांना हातोड्याचे आठ घाव घालावे लागले. आठवा घाव घालताना ते हसत होते.

पंधरा दिवसांनी मुलगा नाशिकहून आला. वडिलांना घेऊन जायचंच अशा तयारीनं आला होता. दुकानात लासूरच्या एका अडत्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं चाक उघडं पडलं होतं आणि चाचांचे हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये होते. त्यांनी मुलाला बसायला सांगितलं नाही, चाक धरायला सांगितलं. त्यानं इस्त्रीच्या शर्टात ते धरलं. दोन दिवस राहून तो एकटाच परत गेला. त्याला स्टेशनवर सोडायला सायकलवाला गेला होता, कारण चाचांना ट्रॉली त्याच संध्याकाळी द्यायची होती.

"अब्बाचं इथं बघणार कोण?" मुलानं विचारलं.

"बघायचं काय त्यात," सायकलवाला म्हणाला. "दिवसभर माझ्याशी भांडत्यात. तब्येत चांगली हाय."