आत्याचा चौथा नकार

आजोबांच्या धाकट्या बहिणीला बाबा आत्या म्हणत, म्हणून आम्हीही आत्याच म्हणायचो. खरं तर ती आमची आजी लागायची, पण तसं म्हटलं की फिस्कारायची. "आजी म्हणून मले बुढी करता काय?"

दर उन्हाळ्यात ती पवनीहून महिनाभर माहेरपणाला यायची. माहेरपण कसलं! धानाच्या कोठीपासून सुनांच्या भांडणापर्यंत सगळ्यात नाक खुपसायची. मला मात्र ती भारी आवडायची, कारण बाबा जगात फक्त तिलाच भीत.

बहिणीला रिकाम्या हाताने धाडायचं नाही, म्हणून ती निघाली की आजोबा नवं लुगडं पुढे करायचे. आत्या तीनदा नाही म्हणायची. "कायले उगीच?" "माह्यापाशी हायेत ना." "सुनेले दे." आजोबांनी चौथ्यांदा 'घे' म्हटलं की लुगडं काखेत. आम्ही पोरं मागे उभं राहून बोटं मोजायचो.

माझी सातवी झाली आणि गावातली शाळा संपली. हायस्कूल लाखनीला, सात मैलांवर. बाबा म्हणाले, "बस झालं शिक्षण." मी रडले, दोन दिवस उपाशी राहिले. ते बधले नाहीत.

त्या वर्षी आत्या निघाली, तिचे तीन नकार झाले. आजोबा म्हणाले, "घे वं बाई आता." आत्या म्हणाली, "नोको." म्हातारीची मोजणी चुकली असं वाटून सगळे हसले.

"लुगडं राहू दे, दादा. हे पोरगी दे. पवनीले नेतो, शाळेत घालतो."

बाबा पुढे झाले. "पण आत्या..."

"तू चूप रे. मी माह्या भावाले मागून राहिली."

आजोबांनी एकदा बाबांकडे पाहिलं. "बहीण पहिल्यांदा तोंडानं मागून राहिली. नाही कसं म्हणू?"

आईने माझे कपडे इतक्या झटपट पिशवीत भरले की मला शंकाच आली, दोघींचं आधीच ठरलं असणार.

मधल्या उन्हाळ्यांत आत्याने लुगडं घेतलंच नाही. म्हणायची, "पोरगी माह्यापाशीच हाये ना अजून."

मी दहावी पास झाले तेव्हा आम्ही दोघी मिळून गावी गेलो. आजोबांनी पेटीतून तेच लुगडं काढलं.

"कायले उगीच?" आत्याने सुरू केलं.

आजोबांनी ते माझ्या हातात दिलं. "तूच दे वं."

मी दिलं. मला आत्याने एकदाही नाही म्हटलं नाही.