चुलीतली राख आणि बंधाऱ्यातली राख

मंठा, तीर्थपुरी, जालन्याच्या माझ्या बंधुभगिनींनो, पिकाला पाणी हवं तेव्हा पंपाला वीज नसते, हे आपलं सर्वांचं दुखणं. त्याच दुखण्यावर मस्तगडच्या सभेत मी गरजलो होतो: समुद्रकाठच्या औष्णिक केंद्राचा विस्तार झालाच पाहिजे! टाळ्या कडाडल्या. पाठिंब्याच्या पत्रावर तुम्ही सह्या केल्या. पहिली सही माझी.

सभेनंतर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ जवळ आले. "भाऊ, भाषण बराबर झालं. पर राखेचं काहीच बोलले न्हाई तुम्ही."

ते मारोतराव सर. मूळचे तीर्थपुरीचे, त्याच केंद्रातून निवृत्त झालेले रसायनतज्ज्ञ. यंदा ते पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत, म्हणून आपण त्यांचा सत्कार ठेवला आहे, आणि त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी आवरत नाही.

मी तेव्हा उसळलो. राखेत वाईट काय? आपण बियाण्याचे मूग राखेत ठेवतो, भांडी राखेने घासतो. सर हसले. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनीही कोळीवाड्यातल्या बायकांना हेच सांगितलं होतं. केंद्रातली कोळशाची राख पाण्यात कालवून बंधाऱ्यामागे साठवत. सुकली की ती उडून वाळत घातलेल्या मासळीवर बसे. सरांचा शब्द मानून बायका गप्प राहिल्या. पुढे सरांनीच बंधाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी तपासलं, तर राखेतलं विष त्यात झिरपलेलं.

सर दारोदार गेले. "चुलीची राख वेगळी, ही वेगळी. माझं चुकलं. हे पाणी पिऊ नका." कोळीवाड्यात कुणी जेवायला बोलावलं की सर 'मासळी पचत नाही' म्हणून टाळत. त्यावरून पार्वतीबाई नावाच्या कोळणीने ऐकवलं, "मासळी पचत नाय म्हणता, चूक बरी पचवली." वरिष्ठांनी अहवाल बदलायला सांगितला. सरांनी नकार दिला, तेव्हा त्यांना प्रयोगशाळेतून उठवून भांडारात बसवलं. त्यांनी तेही सोसलं.

सर मला त्या गावी घेऊन गेले. पार्वतीबाईंनी तांब्याभर पाणी दिलं, गोड आणि गार. गावाला आता ही एकच विहीर उरली आहे, आणि विस्तारातला नवा राखबंधारा तिला खेटून होणार आहे. मी तांब्या तसाच खाली ठेवला. सरांनी दोष दिला नाही. हळूच म्हणाले, "मला सहा वर्षं लागली, भाऊ. तुम्ही जल्दी समजले."

विजेची मागणी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण दुसऱ्याची विहीर नासवून आपला पंप चालवायचा नाही. सरांना शंभरी लाभो, त्यांची नजर आणि जीभ अशीच खणखणीत राहो. सत्काराला हार आणू नका. पाठिंबा मागे घेण्याचं पत्र मंडपाच्या दाराशी ठेवलं आहे. माझी सही झाली. तिच्याखाली तुमची करा.