रस्त्यालगतची टाकी
शेजारी बांधकाम सुरू झालं आणि ओल्या सिमेंटच्या वासाने वाघोलीतल्या आमच्या या घराचे पहिले दिवस आठवले. आयटीत नोकरी लागल्यावर मी इथे छोटा प्लॉट घेतला होता. ड्रेनेजची लाइन इथवर आलेली नव्हती, त्यामुळे सेप्टिक टँक बांधावा लागणार होता. गवंड्याने घरामागे फक्कीने खड्डा आखला, कारण पुढची जागा आईच्या फुलझाडांसाठी ठेवली होती. दुपारी वडील आले. त्यांची सगळी नोकरी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरून गाळ काढण्यात गेली होती, पण घरात त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. आखणी बघून त्यांनी विचारलं, "मागे टाकी उपसणाऱ्या टँकरचा पाइप कसा पोचणार?" गवंडी म्हणाला, "नाय पोचला तर मानूस उतरंल की, काका." वडिलांनी पायाने फक्कीची रेघ पुसली. मग म्हणाले, "माझ्या लेकीच्या घरी माणूस आत उतरणार नाही. टाकी पुढे, रस्त्यालगत घ्या." गवंडी माझ्याकडे बघायला लागला. "अहो मॅडम, दारात टाकी? लोक नावं ठेवतील." "ठेवू देत," मी म्हणाले, "बाबा सांगतात तिथेच खणा." आईने रोपांच्या पिशव्या उचलल्या आणि घरामागे नेऊन ठेवल्या. आज वडील नाहीत. घर बघायला आलेल्या पाहुण्यांना मी आधी ती टाकी दाखवते आणि माझे वडील काय काम करायचे, ते ताठ मानेने सांगते.