इंजिनाच्या दोन जाळ्या

ज्या मोटारीविषयी मी लिहितो आहे, तिच्यात दोनच माणसे बसत, आणि आमच्या मुलखात तिचा तसा काही उपयोग नव्हता. शेजारून म्हैस गेली तर झाकली जावी इतकी ती बुटकी, वर टप नाही, अंगाने हलकी. वडील ज्यांचे कारभारी होते, ते जहागीरदार विलीनीकरणानंतर कायमचे हैदराबादला राहायला गेले आणि आपल्या हौसेचे हे विलायती खेळणे वडिलांच्या स्वाधीन करून गेले. माझा थोरला भाऊ त्यांच्याच मोटारखान्यात काम शिकला होता. ती गाडी कोणत्या वळणावर आहे, हे तो घरात बसून आवाजावरून सांगे.

वडिलांच्या मागे वाटणी निघाली. तुळजापूरचे घर आणि तामलवाडीचे शेत यांवर पंचांचे बोलणे लांबत गेले, तेव्हा दादा एकाएकी म्हणाला, "मला गाडी द्या. बाकी सगळं त्याला राहू द्या." ते रागाचे वाक्य होते. ‘असं कसं, दादा?’ एवढे मी म्हणावे, हीच त्यात अपेक्षा होती. मी सतरंजीच्या पट्ट्यांकडे पाहत राहिलो. पंचांनी माझ्या गप्प बसण्याला संमती मानले, आणि त्यांचे काही चुकले नाही; ती संमतीच होती.

त्या दिवसापासून दादा माझ्याशी बोलेनासा झाला. मोटारअड्ड्यामागे पत्र्याची एक शेड घेऊन तो तिथेच राहू लागला. मी शाळेत शिकवायला जाता-येता त्याच शेडवरून जात असे. तो गाडीच्या पोटात तोंड खुपसून उभा असे, आणि माझी चाहूल लागली की आणखी आत वाकत असे.

पुढे सोलापूरच्या एका जिनिंगवाल्याच्या मुलाला ती गाडी हवी असल्याचे कळले. त्याची अट एकच होती: तुळजापूरचा घाट तिने एका दमात चढावा. तसे झाले तर गाडी तो घेणार होता आणि आपल्या सगळ्या गाड्यांवर मिस्त्री म्हणून दादाला ठेवणार होता. दादापाशी दुसरे काही उरलेच नव्हते. पण इंजिनासाठी हवा ओढून घेणाऱ्या दोन्ही कार्बुरेटरांची तोंडे उघडी पडली होती. हवा गाळणाऱ्या मूळच्या जाळ्या कधीच हरवल्या होत्या, आणि दादा त्या तोंडांवर जुन्या धोतराचे तुकडे बांधून काम भागवत होता. आमचे रस्ते मुरमाचे. ज्वारीच्या गाड्या चालू झाल्या की धुळीचा पडदा दुपारपर्यंत खाली बसत नसे. कापड ती धूळ पुरती अडवीत नसे, आणि हवा मात्र अडवी.

मी धीर करून शेडमध्ये गेलो आणि म्हणालो, "दादा, एअर फिल्टर मी आणून देतो."

तो पान्हा पुसू लागला. मग म्हणाला, "माप घेतल्याबिगर काय आणशील? टोपी हाय का ती?"

वाटणीनंतरचे त्याचे माझ्याशी हे पहिले वाक्य. त्या टोमण्यात मला क्षमेची सुरुवात दिसली. माणसाला जे हवे असते, ते त्याला कशातही दिसते.

आम्ही दोघे एस.टी.ने सोलापूरला गेलो. दादाने जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापून आणले होते: एक कार्बुरेटरच्या तोंडाएवढा, दुसरा त्या तोंडापासून बॉनेटच्या आतल्या पत्र्यापर्यंतच्या जागेचा. जुन्या मोटारसामानाच्या दुकानदाराने आधी मालमोटारीचा फिल्टर पुढे केला. हंड्याएवढा, खाली तेलाची वाटी असलेला. "ह्यातून धुळीचा कण जायचा न्हाई, मास्तर," तो मला म्हणाला.

मला तो पटला होता. दादाने नुसता हाताने तोलला. "कण जायचा न्हाई आन् वारा बी जायचा न्हाई. एवढं वजन त्या मानेला टांगलं तर मान मोडंल तिची."

मग जीपचा आला. तो रबरी नळीने दूर बसवता आला असता, पण दुसरा पुठ्ठा लावून पाहिल्यावर बॉनेट मिटणार नाही हे दिसले. शेवटी दुकानदाराने मागच्या खोक्यातून दोन चपट्या, गोल, डब्याच्या झाकणासारख्या जाळ्या काढल्या. आत तारेचे विणकाम. ते तेलात बुडवून निथळायचे, म्हणजे धूळ तारेला चिकटते आणि हवा सुटते. पुठ्ठ्यावर त्या नेमक्या बसल्या. स्क्रूची भोके तेवढी जुळत नव्हती.

"भोकं म्या घेतो कानशीनं," दादा म्हणाला. आणि माझ्याकडे न पाहता, "धूळ अडली पायजे, वारा अडू ने. येवढंच बघायचं असतंय."

येताना एस.टी.त तो माझ्या शेजारी बसला. वाटेत तामलवाडीचे शेत आले तेव्हा दोघांनीही बाहेर पाहिले नाही.

जाळ्या बसल्या. इंजिनाचा आवाज सुधारला. तेवढ्यावर मी थांबायला हवे होते. घाटाच्या दिवशी पहाटे मी म्हणालो, "आधी अणदूरला जाऊन येऊ. कुलदैवताला गाडी दाखवू."

"गाडी इकायचीय. लगीन न्हाई लावायचं तिचं," दादा म्हणाला, पण खंडोबाला नाही म्हणणे त्यालाही जमले नाही. आम्ही दोघे त्या दोन आसनांवर बसून अणदूरला गेलो. पुजाऱ्याने चाकांना, दिव्यांना भंडारा लावला. मी बॉनेटवर लावू लागलो, तसा पुजारी म्हणाला, "पत्र्याला काय लावता? जिथं जीव हाय तिथं लावा."

दादाने बॉनेट उघडले. मी मूठ भरून भंडारा उधळला आणि येळकोट केला. माझे पाहून आजूबाजूच्या लोकांनीही मुठी उधळल्या. माझ्या त्या मुठीत देव किती होता आणि दादाने पाहावे ही इच्छा किती होती, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला आहे. देव थोडा होता.

सपाटीवर काही जाणवले नाही. घाटाच्या पायथ्याशी तो मुलगा वाट पाहत होता. मी उतरलो, माझ्या जागी तो बसला. दुसऱ्या वळणापर्यंत गाडी नीट गेली. पुढे जोर लावताच ती गुदमरली. काळा धूर सोडत, धक्के खात बंद पडली आणि उलटी घरंगळत माझ्यापाशी आली.

"मिस्त्री, हळद लावून नवरी आणलीत, आन् तिला तर धाप लागली!" मुलगा हसून म्हणाला.

दादाने बॉनेट उचलले. तेलावर भंडारा बसून दोन्ही जाळ्यांवर पिवळी पोळी धरली होती. मी म्हणालो, "दादा, पेट्रोलनं धुऊ. आत्ता होतील मोकळ्या."

"खंडोबाचा भंडारा रस्त्यावर ओतू?" त्याने स्क्रू काढले. दोन्ही जाळ्या माझ्या उपरण्यावर ठेवल्या. "धर. तुझं तुझ्यापाशी."

"अहो, पण धूळ जाईल की आत," मुलगा म्हणाला.

"जाऊ द्या. हिला सवय हाय धुळीची."

आणि उघड्या तोंडांनी ती गाडी घाट चढून गेली. तिचा इतका मोकळा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. मी पायथ्याशी उभा राहून तो वर वर जाताना ऐकत होतो. मी दिलेले काढून टाकले तेव्हाच तिला वारा मिळाला. काही वेळाने ती खाली आली. आता मुलगा चालवत होता आणि दादा शेजारी बसला होता. माझ्यापाशी ती थांबली नाही. थांबून तरी काय, तिच्यात तिसरी जागा नव्हती.

गाडी विकली गेली, दादा तिच्याबरोबर मिस्त्री म्हणून सोलापूरला गेला, आणि तिथल्या ओळखीच्या माणसांकडून पुढचे कळत राहिले. उघड्या तोंडांतून धूळ जाऊन गाडी तेल खाऊ लागली. मग धूर टाकू लागली. वर्षाच्या आत इंजिन गेले, आणि त्याचा ठपका ज्याच्यावर यायचा त्याच्यावर आला. नोकरी सुटल्यावर दादा कर्नाटकात कुठेसा गेला, एवढेच ठाऊक आहे.

त्या जाळ्या मी घरी आणून नीट धुतल्या होत्या. ते पाणी तुळशीला घातले. भोके दादाच्या कानशीने जुळवलेली, तेलात बुडवायचाच अवकाश. सोलापूर एस.टी.ने दोन तासांवर. गाडी तेल खाते आहे हे ऐकल्या दिवशी मी त्या उपरण्यात बांधून दाराशी आणून ठेवल्या. त्याने मागितल्या तर लगेच नेऊन देईन, असे मी मनाशी ठरवले.

वाटणीच्या दिवशीही त्याने आपला वाटा तोंडाने मागावा, याचीच मी वाट पाहत होतो.