मिशनमधल्या परक्या आज्या

दिवाळीत मी इथे परदेशात घरामागच्या पॅटिओवर मातीचा किल्ला केला, तेव्हा माझ्या लेकीने मातीला बोटसुद्धा लावलं नाही. पण शाळेच्या प्रोजेक्टसाठी जुन्या स्पॅनिश मिशनचं, म्हणजे पाद्र्यांच्या मठाचं, मॉडेल करताना बाईसाहेब कोपरापर्यंत चिखलाने माखल्या होत्या. तेव्हापासून त्या मिशनवर माझा दातच होता.

शनिवारी आम्ही फ्रीमाँटचं खरं मिशन बघायला गेलो. सिंहगडावर ‘घरी कधी जायचं?’ म्हणून माझा जीव खाणारी ही पोरगी इथे गाईडबाईंना सोडेना. मी जळफळत मागून चालत होते. जाड मातीच्या भिंती दाखवत बाई म्हणाल्या, “स्पॅनिश पाद्र्यांनी इथल्या मूळच्या लोकांना आणून राबवलं. हळूहळू त्यांची पोरं स्वतःची भाषाच विसरली.”

लेकीचे डोळे भरून आले. “आई, मग त्यांना आपापल्या आजीशी बोलताच येत नसेल?” तिने इंग्रजीत विचारलं.

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर माझी आई तिला मराठीत गोष्ट सांगायला बसते आणि ही ‘हाय आजी, बाय आजी’ करून पळते. त्या परक्या आज्यांवर मी जितकी जळले, तितकी आयुष्यात कुणावर जळले नाही.