कॅचरच्या खुणा

बोटांवरून माणसाचं काम ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नसे. पण नव्वद सालच्या सुमारास विलायतेतल्या ईलिंगच्या आमच्या हॉस्पिटलात एक वयस्कर क्यूबन गृहस्थ आले, आणि त्यांची वेडीवाकडी बोटं बघून मी विचारलं, "गवंडीकाम करत होता का?"

"बेसबॉल. कॅचर," ते ताठ बसत म्हणाले. हवानातली त्यांची व्यावसायिक टीम क्रांतीनंतर सरकारने बंद करून टाकली होती.

कॅचर उकिडवा बसतो आणि मांड्यांच्या आड बोटं हलवून, बॉल टाकणाऱ्याला तो कसा टाकायचा त्याच्या गुप्त खुणा करतो. या गृहस्थांच्या उजव्या हाताचा एक्स-रे बघून झाल्याबरोबर तो हात सवयीने तिथेच, मांड्यांच्या आड गेला. मी पुण्याचा जुना विकेटकीपर, मला राहवेना.

"तुमच्या खुणा काय होत्या, आता तरी सांगा की! टीमच राहिली नाही."

"टीम नाही, डॉक्टर. पण समोरच्या टीमचा बॅट्समन मायामीत अजून ठणठणीत आहे."

मी हसलो. ते हसले नाहीत. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "माझ्या हाताचा एक्स-रे तुमच्याशिवाय आणखी कोण बघणार आहे?"